गिधाडाच्या पाठीवरचा जीपीएस टॅग: नकाशावरचा ठिपका थांबला तर काय समजायचं?

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकातल्या कारवारला एक गिधाड दिसलं. पाठीवर छोटं यंत्र बांधलेलं. कारवारला नौदलाचा मोठा तळ आहे, त्यामुळे 'हेरगिरी करणारा पक्षी' अशी चर्चा लगेच सुरू झाली. चौकशी झाली तेव्हा कळलं की यंत्र आपल्याच चंद्रपूरच्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, वणीकडचा. ताडोबाचं गिधाड थेट समुद्रापर्यंत जाऊ शकतं, तर आमच्या शेतांवरून जाणं त्याच्यासाठी काहीच नाही. म्हणून हे यंत्र नक्की काय आहे, ते काय सांगतं आणि काय सांगू शकत नाही, हे नीट समजून घेऊया. यातला बराचसा भाग तुमच्या फोनमध्येही आहे, त्यामुळे समजायला अवघड जाणार नाही.

आधी गिधाडांबद्दल थोडं

आपल्या आईवडिलांना विचारा. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. १९९० नंतर ती झपाट्याने कमी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे हजारात एक उरलं.

कारण डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. बैल लंगडायला लागला, गाईला ताप आला की त्याचं इंजेक्शन दिलं जायचं. ते जनावर एकदोन दिवसांत मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की औषध त्यांच्या पोटात जातं. गिधाडाचं मूत्रपिंड ते सहन करू शकत नाही. युरिक ॲसिड बाहेर पडत नाही, आतल्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर जमतो आणि पक्षी काही दिवसांत मरतो. हा संबंध २००४ मध्ये सिद्ध झाला आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. एक आकडा मात्र लक्षात ठेवा, पुढे लागेल: शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकापेक्षाही कमी जनावरांत हे औषध असलं, तरी गिधाडांची संख्या कोसळायला तेवढं पुरतं. कारण एका जनावरावर एका वेळी पुष्कळ गिधाडं जेवतात.

उरलेली वाचवण्यासाठी हरियाणातल्या पिंजोरला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (म्हणजे बीएनएचएस) आणि तिथल्या वनविभागाने २००१ मध्ये केंद्र सुरू केलं. पुढे तिथे पिल्लं वाढू लागली. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू स्वतः पाचेक वर्षांचं झाल्याशिवाय जोडी जमवत नाही, त्यामुळे हे काम फार सावकाश चालतं. ऑक्टोबर २०२० मध्ये पिंजोरजवळ आठ गिधाडं टॅग लावून सोडली. जानेवारी २०२४ मध्ये तिथून २० गिधाडं महाराष्ट्रात आली, पेंच आणि ताडोबासाठी. त्यांत पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची अशा दोन जाती होत्या. ताडोबात त्यांना बोटेझरीला मोठ्या पिंजऱ्यात काही महिने ठेवलं, हवा-पाण्याची सवय होऊ दिली आणि मग टॅग लावून दार उघडलं.

टॅग म्हणजे काय? फोन, पण बोलता न येणारा

गिधाडाच्या टॅगमध्ये साधारण या गोष्टी असतात: जीपीएस रिसीव्हर, छोटी बॅटरी, वर सोलर पॅनल, थोडी मेमरी, हालचाल मोजणारा ॲक्सिलरोमीटर आणि माहिती पाठवायची काहीतरी सोय. यातलं सोलर पॅनल सोडलं तर बाकी सगळं तुमच्या खिशात आहे. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ना, ते ॲक्सिलरोमीटरमुळेच.

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. जीपीएसचा उपग्रह आपल्याला 'बघत' नाही. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते उपग्रह फक्त वेळ सांगत फिरतात: 'मी अमुक, आत्ता इतके वाजले.' तो संदेश खाली यायला सेकंदाच्या सुमारे सात शतांश इतका वेळ लागतो. रिसीव्हर चार किंवा जास्त उपग्रहांचे संदेश ऐकतो, कोणाचा किती उशिरा आला त्यावरून अंतरं काढतो आणि आपली जागा ठरवतो. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागा ३०० मीटरने चुकते, एवढं ते बारीक काम आहे.

म्हणजे टॅगला स्वतःची जागा कळते, पण ती अजून फक्त टॅगलाच कळलेली असते. फोन फ्लाइट मोडवर टाका, लोकेशन चालू ठेवा आणि आधी डाउनलोड केलेला नकाशा उघडा. निळा ठिपका दिसेल, पण तुम्ही कुठे आहात हे दुसऱ्या कोणालाही कळणार नाही. गिधाडाच्या टॅगचंही असंच. खरी अडचण पुढची आहे: ही जागा माणसांपर्यंत पोचवायची कशी?

त्याचे मुख्य दोन मार्ग आहेत. एक, टॅगमध्ये सिम घालायचं. पक्षी मोबाइल टॉवरच्या रेंजमध्ये आला की टॅग साठवलेल्या जागा पाठवून देतो. घनदाट जंगलात रेंज नसेल तर टॅग गप्प बसतो, पण विसरत नाही. हजारो नोंदी मेमरीत राहतात आणि चार दिवसांनी रेंज मिळाली की सगळ्या एकदम येतात. नेट चालू केल्यावर व्हॉट्सॲपवर धडाधड मेसेज पडतात, तसंच. हा मार्ग स्वस्त आहे आणि माहिती भरपूर येते. अडचण एकच, काही देशांत जुनं २जी-३जी नेटवर्क बंद होत गेलं तसे त्यावर चालणारे टॅगही मुके झाले. दुसरा मार्ग, थेट उपग्रहाला पाठवायचं. १९७८ पासून चालू असलेली आर्गोस ही यंत्रणा यासाठीच आहे. तिला टॉवर लागत नाही, समुद्रावरूनही चालते, पण खर्च जास्त आणि एका वेळी थोडीच माहिती जाते.

वजनाचं काय? उडणाऱ्या पक्ष्यावर त्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त ओझं नको, असा संशोधकांचा सर्वसाधारण दंडक आहे. पाच किलोच्या गिधाडाला १५० ग्रॅम, म्हणजे साधारण एका फोनपेक्षा कमी. हल्लीचे टॅग त्याहून बरेच हलके असतात. दप्तरासारखे टेफ्लॉनच्या पट्ट्यांनी ते पाठीवर बसवतात, कारण टेफ्लॉन त्वचेला घासत नाही.

आता बॅटरीची चालाखी. फोनवर नेव्हिगेशन चालू ठेवलं की चार्जिंग किती भराभर उतरतं ते माहीत आहेच. म्हणून टॅग सतत जागा मोजत नाही. दर काही मिनिटांनी किंवा तासाने मोजतो आणि मधल्या वेळेत झोपतो. बॅटरी भरलेली असेल तर जास्त वेळा, कमी असेल तर कमी. पावसाळ्यात विदर्भातलं आभाळ आठवडाभर उघडत नाही तेव्हा सोलर पॅनलही थंड आणि गिधाडही थंड. गिधाडाला उंच जायला तापलेल्या जमिनीवरून वर येणारी गरम हवा लागते. ती नसेल तर ते झाडावर बसून राहतं. त्या दिवसांत नकाशावर फारसं काही घडत नाही आणि त्यात घाबरण्यासारखंही काही नसतं.

किती वेळाने जागा मोजली, याचा परिणाम अंतराच्या आकड्यावरही होतो. ताडोबातून सुटलेलं एन-११ नावाचं पांढऱ्या पाठीचं गिधाड २०२४ मध्ये अनेक राज्यं ओलांडून तामिळनाडूत पोचलं आणि त्याचा प्रवास सुमारे ४,००० किलोमीटर मोजला गेला. सरळ रेषेत हे अंतर हजार किलोमीटरच्या आसपास आहे. बाकीचं वळणावळणाचं. तरीही ४,००० हा कमीत कमी आकडा समजा. टॅग दोन नोंदींच्या मध्ये सरळ रेघ ओढतो आणि गिधाड त्या वेळात आकाशात गोल गोल घिरट्या घालत असतं. दिवसातून एकदाच मोजलं तर अंतर आणखी कमी दिसेल. बातमीत 'इतके किलोमीटर' वाचाल तेव्हा किती वेळाने मोजलं, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

यवतमाळकरांना हे सगळं थोडं ओळखीचं वाटेल. टिपेश्वरचा वाघ टी१-सी१, ज्याला पुढे 'वॉकर' नाव पडलं, त्याच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये कॉलर घातली होती. तो वाघ तेलंगणाच्या बाजूने फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे ३,००० किलोमीटर चालला आणि पाच हजारांवर नोंदी मिळाल्या. पण वाघाच्या कॉलरला मोठी बॅटरी लावता येते, वजनाची एवढी चिंता नसते, आणि बॅटरी संपत आली तेव्हा एप्रिल २०२० मध्ये त्याला बेशुद्ध करून कॉलर काढूनही घेतली. आकाशातल्या गिधाडाला पुन्हा पकडणं ही जवळजवळ अशक्य गोष्ट. म्हणून त्याच्या टॅगला उन्हावरच वर्षानुवर्षं जगावं लागतं.

ठिपका थांबला. आता?

समजा तुम्ही कंट्रोल रूममध्ये बसला आहात. काल संध्याकाळपासून एका गिधाडाचा ठिपका हललेला नाही. काय समजाल?

पहिला प्रश्न असा की नवी माहिती येतच नाही, की येते आहे पण एकाच जागेवरून? या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. माहितीच येत नसेल तर रेंज नाही, बॅटरी उतरली, पिसांनी पॅनल झाकलं किंवा टॅग बिघडला असं काहीही असू शकतं. व्हॉट्सॲपवर एकच टिक दिसली म्हणून माणूस गायब झाला असं आपण मानत नाही, तसंच.

माहिती एकाच जागेवरून येत असेल तर मात्र विचार करावा लागतो. गिधाड पोटभर जेवलं की जड होतं आणि दिवसभर बसून राहू शकतं. जखमी असू शकतं. टॅग तुटून गवतात पडलेला असू शकतो. किंवा पक्षी मेलेला असू शकतो. इथे ॲक्सिलरोमीटर कामाला येतो. बसलेलं गिधाडही मान हलवतं, पंख साफ करतं, त्यामुळे बारीकसारीक हालचाल दिसत राहते. पडलेला टॅग आणि मेलेला पक्षी यांत ती शून्य होते. आणि या दोघांत फरक करायला कुठलाही सेन्सर नीट पुरत नाही. माणसाला तिथे जावंच लागतं.

तेही लवकर. उन्हाळ्यात विदर्भात मेलेला पक्षी फार दिवस तपासण्यासारखा राहत नाही, आणि कोल्हे-कुत्रे असतातच. वेळेत सापडला तर शवविच्छेदनात पांढरा थर दिसतो का ते बघता येतं, यकृत आणि मूत्रपिंडाचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवून त्यात औषध आहे का ते शोधता येतं. किंवा पंखांवर जळाल्याच्या खुणा दिसतात. तसं असेल तर विजेच्या तारा, आणि मग उपाय पूर्ण वेगळा. मृत्यूचं कारण कळलंच नाही, तर पुढच्या वर्षी सोडलेली गिधाडंही त्याच कारणाने मरू शकतात. माझ्या मते टॅगचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे. तामिळनाडूपर्यंतची वारी बातमीला छान, पण मेलेला पक्षी ताजा असताना सापडणं हे टॅगशिवाय जवळजवळ कधीच होत नाही.

शंभर किलोमीटरचं वर्तुळ आणि आपलं मेडिकल

एखाद्या प्राण्यासाठी अधिवास पूर्ववत करायचा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झाडं लावणं, तळी खोदणं येतं. गिधाडाच्या बाबतीत जंगल बऱ्यापैकी जागेवर आहे. बिघडलं ते अन्न. त्यामुळे इथे अधिवास सुधारायचा म्हणजे जनावरांच्या अंगातून ते औषध घालवायचं.

यासाठी 'गिधाड सुरक्षित क्षेत्र' ही कल्पना वापरतात. सोडण्याच्या जागेभोवती १०० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि त्यात घातक औषधं विकली जाऊ नयेत हे बघायचं. हिशोब करून बघा: त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३१,००० चौरस किलोमीटरच्या वर जातं. अख्खा यवतमाळ जिल्हा साडेतेरा हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे दोन जिल्हे मावून जागा उरेल. ताडोबाभोवती असं वर्तुळ काढलं की वणी त्यात आरामात येते. व्याघ्र प्रकल्पाची हद्द संपते तिथे वर्तुळ संपत नाही. ते कापसाच्या शेतांवरून, कोळशाच्या खाणींवरून आणि आपल्या गोठ्यांवरून जातं.

आता मघाचा आकडा आठवा, शंभरात एकापेक्षा कमी. म्हणजे नव्याण्णव कास्तकारांनी योग्य औषध वापरलं आणि एकाने नाही, तरी गणित बिघडू शकतं. बंदी असूनही औषध मिळायचं कसं, तर माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी नाही. त्याच्या मोठ्या बाटल्या जनावरांसाठी वापरल्या जायच्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरपेक्षा मोठी नको असा नियम आला. एवढ्याशा बाटलीत बैलाचा डोस पुरत नाही, हा त्यामागचा साधा विचार. पुढे २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर बंदी आली. ॲसिक्लोफिनॅकची गंमत अशी की जनावराच्या शरीरात गेल्यावर त्याचंच डायक्लोफिनॅक बनतं. डिसेंबर २०२४ मध्ये निमेसुलाइडही जनावरांसाठी बंद झालं.

पर्याय आहेत. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांसाठी सुरक्षित असल्याचं तपासलं गेलंय, टॉल्फेनामिक ॲसिडही. घरी जनावरं असतील तर पुढच्या वेळी डॉक्टर इंजेक्शन देतील तेव्हा बाटलीवरचं नाव वाचा, फोटो काढून ठेवा. फोन आहेच हातात. मेडिकलमधून परस्पर आणलेलं असेल तर जास्तच वाचा. आणि औषध दिल्यावर जनावर दोनचार दिवसांत दगावलं, काय दिलं होतं ते माहीत नाही, तर ते उघड्यावर न टाकता पुरणं बरं.

हे ठिपके आपल्याला फोनवर बघता येतात का?

काही प्रमाणात. मूव्हबँक नावाच्या संकेतस्थळावर जगभरचे संशोधक टॅगची माहिती ठेवतात, आणि 'ॲनिमल ट्रॅकर' हे ॲप त्यातलीच माहिती दाखवतं. सारस-बगळ्यांसारखे लांब प्रवास करणारे पक्षी त्यात बघत बसायला मजा येते. पण दुर्मिळ प्राण्यांची ताजी जागा बहुतेक वेळा लपवलेली असते, आणि ते योग्यच आहे. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका वाघाच्या कॉलरची माहिती ज्या ई-मेलवर यायची, त्यात पुण्यातून कोणीतरी शिरायचा प्रयत्न केला होता. यंत्रणेने तो अडवला. शिकाऱ्याला जंगल पालथं घालायची गरजच नाही, पासवर्ड मिळाला की झालं.

म्हणून टॅगवालं गिधाड दिसलं तर इन्स्टावर लोकेशन टॅग करून स्टोरी टाकू नका, निदान त्या दिवशी तरी नाही. लांबूनच फोटो काढा. पायात कडं किंवा पंखावर नंबर असेल तर तो दिसेल असा झूम करा. उडवायला दगड मारू नका, जेवत असेल तर मुळीच नाही. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे, तिथे कळवा. जमिनीवर पडलेलं, उडू न शकणारं गिधाड असेल तर कुत्री लांब ठेवा आणि कोणीतरी येईपर्यंत थांबा. टॅग सोडवायच्या फंदात पडू नका.

फोटो पाठवतानाची एक छोटी गोष्ट. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या आतच जागेचे आकडे साठतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ते आकडे गळून जातात, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर राहतात. वनरक्षकाला पाठवताना डॉक्युमेंट करा, ग्रुपवर टाकताना नको.